सांगाडा कारखान्याचा, काया कारागिराची

मोटारीविषयी बोलताना आपण रोज घोडागाडीचे शब्द वापरतो, हे सहसा ध्यानात येत नाही. 'डॅशबोर्ड' म्हणजे घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अडवणारी, गाडीवानाच्या पायांपुढची फळी. 'डिकी' ही मुळात बग्गीवरची गाडीवानाची किंवा नोकराची बैठक. पुढे ती मोटारीच्या मागच्या झाकणाखाली गेली, आणि बैठक नाहीशी झाल्यावर तिचे नाव सामानाच्या जागेला उरले. आपल्याकडे रुळलेली 'फिटन' म्हणजे इंग्रजीतली 'फेटन'. सुरुवातीच्या उघड्या मोटारींनाही हेच नाव होते. हे शब्द टिकले, कारण पहिल्या मोटारींच्या बॉडी बग्ग्या बांधणाऱ्यांनीच बांधल्या.

मी अभियंता नाही. मुलुंडमध्ये राहतो, आणि लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या गॅरेजांत बसून, विचारून, जुनी माहितीपत्रके चाळून जे कळले ते टिपून ठेवत आलो. त्यातून एक गोष्ट मनात पक्की झाली. 'कोचबिल्ट' गाडीचे कौतुक आपण राजेरजवाड्यांच्या वैभवापाशी थांबवतो. पण ती कला उपनगरांतल्या पत्रेकामापर्यंत अखंड चालत आली आहे.

आधी पद्धत समजून घेऊ. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात रोल्स-रॉइससारखी कंपनी बहुधा फक्त चासी विकत असे, म्हणजे सांगाडा, इंजिन, चाके आणि पुढची जाळी. गिऱ्हाईक ती चासी बार्कर, हूपर किंवा थ्रप अँड मेबर्ली यांच्यासारख्या बांधणाऱ्याकडे पाठवी. तिथे आधी कागदावर आकृती निघे. मग ॲश लाकडाची चौकट उभी राही, तिच्यावर हाताने ठोकून गोलाई दिलेला ॲल्युमिनियमचा किंवा पोलादी पत्रा बसे, आणि शेवटी रंगाचे थरावर थर चढत. राजकोटच्या ठाकूरसाहेबांसाठी १९३४ साली थ्रप अँड मेबर्लीने फॅन्टम-२ चासीवर बांधलेली 'स्टार ऑफ इंडिया' ही याच पद्धतीची. चासी तीच, पण बांधणारा बदलला की गाडी वेगळी. म्हणून जाणकार 'कोणती गाडी?' यावर थांबत नाहीत, 'बॉडी कोणाची?' हेही विचारतात.

अशी गाडी पाहायची कशी? बांधणाऱ्याची छोटी पट्टी बहुधा दाराच्या उंबऱ्यापाशी असते, ती आधी शोधावी. मग गाडीपासून लांब उभे राहून एका बाजूने पाहावे. पुढच्या मडगार्डपासून निघालेली रेघ दारावरून मागच्या चाकापर्यंत न अडखळता जाते का? चाकांच्या मानाने छप्पर किती उंच आहे? नंतर जवळ जाऊन दाराभोवतीची फट वर-खाली सारखी आहे का ते बघावे. शेवटी रंगात उमटलेले ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पाहावे. ते जिथे लचकते तिथे पत्र्याला पोचा आहे, किंवा पुट्टीचा जाड थर आहे. ही शेवटची खूण मला कोणत्याही पुस्तकाने शिकवली नाही. डेंटर पत्र्यावरून तळहात फिरवतो आणि डोळ्यांना न दिसणारा उंचवटा सांगतो, ते पाहून ती कळली.

ही पद्धत मोडली ती फॅशन बदलल्यामुळे नव्हे, रचना बदलल्यामुळे. मोनोकॉक गाडीत वेगळी चासी नसते. पोलादी पत्र्याचे भाग मोठ्या दाबयंत्रांत घडवून एकमेकांना वेल्ड करतात आणि बॉडीच सगळा भार पेलते. तिच्यावरून बॉडी उतरवून दुसरी चढवण्याची सोयच राहत नाही. आपल्याकडे हा बदल कुर्ल्यात दिसला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने आधी डॉज, प्लायमाउथ जुळवल्या आणि १९५४पासून फियाट ११००. हीच आपली 'डुक्कर फियाट', आणि ती मोनोकॉक होती. तिच्याच वंशातली पद्मिनी पुढे काळीपिवळी टॅक्सी म्हणून मुंबईभर फिरली आणि ऑक्टोबर २०२३मध्ये टॅक्सीसेवेतून निवृत्त झाली.

म्हणजे कला संपली का? नाही, तिने गिऱ्हाईक बदलले. बस आणि ट्रक यांना चासी राहिलीच. नुसत्या चासीवर फळकूट ठोकून, डोक्याला फडके गुंडाळून महामार्गावरून गाडी नेणारा ड्रायव्हर वाचकांनी पाहिला असेल. ती चासी बॉडी बांधणाऱ्याकडेच निघालेली असते. एस.टी.च्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या कार्यशाळांनी वर्षानुवर्षे बसच्या बॉडी बांधल्या. चित्रीकरणाच्या जागी उभी असणारी व्हॅनिटी व्हॅन ही तर खरीखुरी कोचबिल्ट गाडी. चासी कारखान्याची आणि आतला आरसा, पलंग, न्हाणीघर सगळे मागणीबरहुकूम. पद्मिनीचा कुजलेला तळपत्रा कापून नवा वेल्ड करणारा कारागीरही याच परंपरेतला, मग त्याला ते नाव कोणी देवो न देवो.

मोटारीच्या बाबतीत ही परंपरा पुन्हा ठळकपणे दिसली ती दिलीप छाब्रिया यांच्या 'डीसी डिझाइन'मुळे. १९९३ साली सुरू झालेल्या या संस्थेच्या अंधेरीतल्या कार्यशाळेने तयार गाड्यांना नवी रूपे दिली. 'टार्झन : द वंडर कार' (२००४) या चित्रपटातली गाडी म्हणजे रूप पालटलेली टोयोटा एमआर-टू. २०१२च्या ऑटो एक्स्पोमध्ये त्यांनी 'अवंती' ही स्वतःची स्पोर्ट्स कार मांडली. या गाड्यांवर भडकपणाचा आक्षेप घेतला जातो, आणि काहींच्या बाबतीत तो मलाही पटतो. परंतु वरची कसोटी इथेही लावावी. रेघ अडखळते का, हे नाव पाहून ठरवू नये.

आता प्रश्न कायद्याचा आहे. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केले. रस्त्यावरच्या सुरक्षिततेसाठी ते योग्यच आहे. जुलै २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना 'व्हिंटेज' नोंदणी दिली. अट अशी, की गाडी मूळ रूपात असावी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा. ही अट मोनोकॉक गाडीला नीट लागू पडते. पण १९३०च्या दशकातल्या ज्या चासीवर आधी एकाची आणि दहा वर्षांनी दुसऱ्याची बॉडी चढली, तिचे 'मूळ' कोणते? उत्पादकाने तर बॉडी दिलीच नव्हती. आणि लाकूड कुजले म्हणून इथल्या सुताराने सागाची चौकट घातली असेल, तर तो फेरफार की जतन?

'मूळ'चा अर्थ 'कारखान्यातून निघाली तशी' एवढाच धरला, तर इथल्या हातांचे काम दोष म्हणून नोंदले जाईल. म्हणजे मालक ते लपवतील किंवा पुसून टाकतील. माझ्या मते गाडीच्या कागदपत्रांत चासीच्या क्रमांकाइतकीच बॉडीच्या इतिहासाची नोंद असावी. कोणी बांधली, कधी बदलली, कोणते भाग नवे आहेत. जुन्या घराच्या दुरुस्तीची नोंद आपण ठेवतो, तशीच ही.

हे काम सरकारवाचूनही सुरू करता येईल. वाचकांपैकी कोणाच्या घरी जुन्या मोटारीसमोर काढलेले कौटुंबिक छायाचित्र असेल, तर त्यात माणसांमागची गाडीही निरखून पाहावी, आणि ती कोणाकडे दुरुस्तीला जात असे ते वडीलधाऱ्यांना विचारून छायाचित्रामागे लिहून ठेवावे. ज्यांनी त्या पत्र्याला आकार दिला त्यांनी स्वतः काही लिहिले नाही. मुलुंड-घाटकोपरच्या ज्या गॅरेजांत मी जातो तिथले जुने हात आता थकले आहेत, आणि त्यांना विचारण्याची वेळ आजचीच आहे.