यलोस्टोनला आरव्हीने जाताय? मुक्कामाची ही जागा बघाच!

१८७२ साली स्थापन झालेलं यलोस्टोन हे जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. मुलाबाळांसह आरव्हीने जाणार असाल, तर फिशिंग ब्रिज आरव्ही पार्क माझ्या मते सर्वांत सोयीचं. पाणी, वीज आणि सांडपाणी या तिन्ही जोडण्या जागेवरच देणारं उद्यानातलं हे एकमेव कॅम्पग्राउंड आहे.

इथे तंबू आणि कापडी भिंतींचे ट्रेलर चालत नाहीत, कारण हा ग्रिझली अस्वलांचा टापू आहे.

लक्षात ठेवा:

🐻 खाणं, कूलर, शेगडी, खरकटी भांडी बाहेर सोडू नका. माणसांच्या अन्नाला चटावलेल्या अस्वलाला अनेकदा जीव गमवावा लागतो.

📏 अस्वल आणि लांडग्यांपासून किमान ९१ मीटर, बायसन आणि एल्कपासून २३ मीटर लांब राहा.

🧣 उंची २,३०० मीटरहून जास्त. जुलैतही रात्री गारठा असतो, मुलांचे स्वेटर-कानटोप्या घ्याच.

🐟 जवळच्या फिशिंग ब्रिज या पुलावरून मासेमारी १९७३ पासून बंद आहे. पण खालच्या स्वच्छ पाण्यात कटथ्रोट ट्राउट मासे मुलांना नक्की दाखवा.

उन्हाळ्यातल्या जागा झपाट्याने भरतात. बुकिंग आधी करा, गाडीची लांबी अचूक कळवा आणि मगच सुट्टी टाका!