गाडीचे नाक

चैत्र लागला. मोहाची फुले वेचून झाली. आता जंगलातल्या वाटेवर पिठासारखी धूळ असते. एक गाडी पुढे गेली, तर मागच्याला वाट दिसत नाही.

अशाच दिवसांत आम्ही दोघे जण एटापल्ली तालुक्यातल्या एका गावी मुक्कामाला होतो. रात्री शेजारच्या घरी लहान पोराला ताप भरला. पोर थंडीने कुडकुडू लागले. हिवताप तर नसेल? दवाखाना दूर. घरच्या भावाने मोटरसायकल काढली. पोराला पोटाशी धरून त्याची आई मागे बसली. सोबतीला आम्ही आमच्या गाडीवर निघालो.

चढाव आला आणि भावाची गाडी धापा टाकू लागली. मूठ पिळली तरी जोर येईना. मागून काळा धूर निघाला. शेवटी आमच्यातला एक जण खाली उतरला आणि मायलेकरांना आमच्या गाडीवर घेतले. पोराला वेळेवर औषध मिळाले. पण दुसरी गाडी सोबत नसती तर?

सकाळी भाऊ म्हणाला, "पेट्रोल बराबर आहे जी. प्लगही नवा टाकला. मंग गाडी ओढत काहून नाही?"

आम्ही गाडीच्या बाजूचे झाकण उघडले. आतला एअर फिल्टर बाहेर काढला. लाल मातीने तो असा भरला होता की त्यात धान पेरावे! भाऊ कपाळाला हात लावून म्हणाला, "तीन वर्षं झाली, हे झाकण उघडलंच नाही."

गाडीही श्वास घेते

नुसत्या पेट्रोलवर गाडी चालत नाही. चुलीला जशी हवा लागते, तशी इंजिनालाही लागते. किती लागते, ठाऊक आहे? एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे ९,००० लिटर हवा लागते. म्हणजे २०० लिटरचे पिंप ४५ वेळा भरेल एवढी!

ही सारी हवा एअर फिल्टरमधून आत जाते. फिल्टर म्हणजे गाडीचे नाक. ट्रक धूळ उडवत गेला की आपण दुपट्टा नाकाला लावतो. फिल्टर म्हणजे इंजिनाचा दुपट्टा.

आपल्याकडे धूळ कमी नाही. सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक आलापल्ली, आष्टीकडे जातात. तिथे लाल धूळ. घुग्गुस, राजुरा, बल्लारपूरकडे कोळशाची काळी धूळ. धानाच्या मळणीला भुसा उडतो, तो वेगळाच.

धूळ काय करते?

फिल्टर तुंबला, तर हवा कमी पडते. गाडी ओढत नाही. जुन्या कार्बुरेटरच्या गाडीत पेट्रोल पुरते जळत नाही. काळा धूर निघतो, प्लग काजळतो आणि पेट्रोल जास्त लागते. २०२० पासूनच्या बहुतेक गाड्यांत कार्बुरेटर नाही. तरी हवा कमी पडली की त्यांचाही जोर जातो.

काही जण म्हणतात, "तुंबतो ना? मग काढूनच टाका!" हे कधीही करू नका. मातीत बारीक वाळूचे कण असतात. ते लोखंडालाही ओरखडे पाडतात. धूळ आत गेली की इंजिनच्या तेलात कालवते. मग पिस्टन आणि सिलिंडर असे झिजतात, जशी विळ्याची धार दगडावर झिजते. इंजिन तेल पिऊ लागते. निळसर धूर येतो. फिल्टर दोन-तीनशे रुपयांच्या आसपास मिळतो. इंजिनच्या कामाला हजारो रुपये जातात.

साफ कसा करावा?

इंजिन थंड होऊ द्या. आधी झाकणाभोवतीची माती पुसा. मग झाकणाचे स्क्रू काढा आणि ते वाटीत ठेवा. फिल्टर कसा बसवला आहे, ते नीट पाहून घ्या. मग तो अलगद बाहेर काढा. आत इंजिनाकडे जाणारे तोंड दिसेल. त्यात स्वच्छ फडके लावा. डबा ओल्या कापडाने पुसा.

आता फिल्टर कोणत्या जातीचा, ते पाहा.

१) स्पंजचा : हा धुता येतो. कोमट पाण्यात साबण कालवून त्यात दाबून-दाबून धुवा. पिळू नका, फाटतो. पेट्रोलने धुऊ नका, आग लागेल. सावलीत पूर्ण वाळवा. गाडीच्या पुस्तिकेत तेल लावायला सांगितले असेल, तर तेच तेल लावा आणि जास्तीचे दाबून काढा.

२) कोरड्या कागदाचा : हा धुऊ नका. हलकेच आपटून धूळ झाडा. मग आतल्या बाजूने बाहेर सायकलच्या पंपाने हवा मारा. बाहेरून मारली, तर धूळ आणखी रुतून बसेल.

३) तेलकट कागदाचा : हा धुऊ नका, झाडू नका, हवाही मारू नका. त्याचे तेलच धूळ धरून ठेवते. हा फक्त बदलायचा.

कोरडा कागद साफ झाला की उन्हाकडे धरून पाहा. उजेडाची बारीक टिकली दिसली, तर तिथे भोक आहे. असा फिल्टर टाकून द्या. स्पंज फाटला किंवा चुरा होऊ लागला, तर तोही बदला.

बसवताना तोंडातले फडके काढायला विसरू नका. फिल्टरची कड चारी बाजूंनी नीट बसली पाहिजे. रबरी नळीला चीर नको. नाहीतर धूळ चोरवाटेने आत जाईल.

केव्हा पाहावा?

किती किलोमीटरनंतर बदलावा, ते पुस्तिकेत लिहिलेले असते. तो आकडा साध्या रस्त्याचा समजा. धुळीच्या वाटेवर त्याच्या आधीच बदला. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी झाकण उघडून पाहा. दुकानात जाताना जुना फिल्टर सोबत न्या.

पावसाळ्यात भामरागडला पर्लकोटेला पूर येतो. गावोगावचे नालेही भरतात. गाडी बुडाली, तर लगेच सुरू करू नका. फिल्टरच्या डब्यातून पाणी इंजिनात गेलेले असते. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. बटण दाबले की आतला दांडा वाकू शकतो. गाडी ढकलत मिस्त्रीकडे न्या.

त्या भावाने नवा फिल्टर बसवला. मग लेकीची पेन्सिल घेतली आणि झाकणाच्या आतून तारीख लिहिली. अक्षर वाकडे होते, पण वाचता येत होते. आपणही आता लिहायला शिकलो. आपल्याही झाकणात तारीख लिहू या. रात्री-बेरात्री गाडी काढायची वेळ कोणावर येईल, सांगता येत नाही.

सांगा पाहू

१) फिल्टर काढून गाडी का चालवू नये?
२) कोणता फिल्टर धुता येतो? कोणता झाडायचाही नाही?
३) तुमच्या गाडीचा फिल्टर कोणत्या जातीचा आहे? आज उघडून पाहा आणि वहीत लिहा.