स्टिकर नाही, नंबर पाहा

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी पोहोचलो तेव्हा टेबलावर एक मोठा, जड, काळा लॅपटॉप होता. झाकणावर लाल रेघा, कीबोर्डही लाल. पाहताच कळावे की हा गेमिंगचा. ताई बी.एस्सी. कॉम्प्युटरला आहे. तिच्यासाठी बाबांनी तो १८ हजारांना जुना घेतला होता. चौथ्याच दिवशी तो बंद पडला. दुकानदार म्हणाला, "मदरबोर्ड गेला. भंगारात २ हजार देतो." तेव्हापासून बाबा त्या टेबलाकडे बघतही नव्हते.

मी म्हणालो, "बाबा, भंगारात देण्याआधी मला एकदा उघडून पाहू द्या." शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सरांना मदत करताना थोडेफार शिकलो होतो. आज अनेक घरांत जुना लॅपटॉप घेतला जातो, म्हणून मी काय केले ते क्रमाने सांगतो.

पहिले काम, लक्षण ओळखणे. बटण दाबल्यावर दिवा लागत होता, पंखा फिरत होता, पण स्क्रीन काळीच. एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडून पाहिला, तर टीव्हीही काळा. म्हणजे वीज आत पोहोचत होती आणि दोष फक्त स्क्रीनचा नव्हता. लॅपटॉपची सुरुवातच अडत होती.

दुसरे, वीज पूर्ण काढणे. चार्जर काढला, खालचे झाकण उघडले, बॅटरीची केबल सोडवली आणि पॉवरचे बटण ३० सेकंद दाबून धरले. कपॅसिटरमध्ये उरलेला चार्ज त्यामुळे निघून जातो. इथे एक सूचना: बॅटरी फुगलेली दिसली तर तिला टोचू नका, दाबू नका, पुन्हा चार्जही करू नका. लिथियमची बॅटरी पेट घेऊ शकते. आमची बॅटरी सुदैवाने सपाट होती.

तिसरे, रॅम. आत रॅमच्या दोन पट्ट्या होत्या आणि त्यांच्या सोनेरी कडा काळपट पडल्या होत्या. अंगातली स्थिर वीज पट्टीला लागू नये म्हणून आधी खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावला. मग पेन्सिलच्या खोडरबराने कडा हलक्या हाताने पुसल्या. एकच पट्टी पहिल्या खाचेत लावली, तर स्क्रीन काळी. तीच दुसऱ्या खाचेत लावली आणि कंपनीचे चिन्ह झळकले! ताई स्वयंपाकघरातून धावत आली. पहिल्या खाचेत धूळ साचली होती. ती ब्रशने काढल्यावर दोन्ही पट्ट्या चालल्या. मदरबोर्ड ठणठणीत होता.

चौथे, पंखा. त्याच्या जाळीत धुळीचा अक्षरशः नमदा बसला होता. प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो आणि तरीही तापला तर बंद पडतो. धूळ काढली, वाळलेली थर्मल पेस्ट पुसली आणि तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावली.

लॅपटॉप जिवंत झाला, पण तो नक्की होता कोण? बाहेरच्या स्टिकरवर लिहिले होते: आय७, १६ जीबी. खालचे मूळ लेबल घासून गेले होते. मला रॅम काढतानाच शंका आली होती, कारण दोन्ही पट्ट्यांवर ४ जीबी छापले होते. म्हणजे एकूण ८. पट्टीवर पीसी३एल-१२८०० असेही होते. त्यातल्या ३एल वरून ती डीडीआर३एल जातीची आहे हे कळते. १२८०० ला ८ ने भागले की १६०० हा तिचा वेग मिळतो. नवी रॅम घेताना हीच जात लागते. डीडीआर४ ची पट्टी या खाचेत बसतच नाही.

मग सुरू होताना एफ२ दाबून बायोस उघडले. काही लॅपटॉपमध्ये ही कळ वेगळी असते. तिथे मॉडेलचा नंबर मिळाला आणि प्रोसेसरही: आय५-४२१०एच. यातला पहिला ४ म्हणजे चौथी पिढी. आय५ असूनही याला दोनच कोअर आहेत. त्याच पिढीच्या आय७-४७२०एचक्यू मध्ये चार असतात. ग्राफिक्स कार्ड मात्र सांगितले होते तेच निघाले, जीटीएक्स ९६०एम. हे कार्ड २०१५ चे. त्यावरून लॅपटॉपचे वय कळले.

पिढी कळण्याचा आणखी एक उपयोग झाला. विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठवी पिढी लागते आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट टाकले. ते मोफत आहे आणि ताईच्या सी व पायथनला पुरेसे आहे.

सगळे झाले, पण स्टिकरचे बाबांना कसे सांगावे ते कळेना. दोन दिवस गप्प राहिलो. शेवटी वहीत लिहिलेले नंबर त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी चष्मा लावून शांतपणे वाचले.

"म्हणजे मी फसलो."

"थोडेसे, बाबा. पण भंगारात दिला असता तर पूर्ण फसलो असतो."

बाबा सुभेदार आहेत. थोड्या वेळाने ते हसले आणि म्हणाले, "इतकी वर्षं कोतातून रायफल घेताना नंबर पाहिल्याशिवाय कधी सही केली नाही. आणि इथे स्टिकर पाहून पैसे दिले!"

दुसऱ्या दिवशी ते माझी वही घेऊन दुकानात गेले. पैसे परत मिळाले नाहीत, पण दुकानदाराने ८ जीबीची एक पट्टी दिली. बाबांनी तिथेच तिच्यावरचा नंबर वाचला, वहीतल्या नंबराशी ताडून पाहिला आणि मगच ती खिशात ठेवली.