नागपूर ओळखून घ्या

खेड्यातला माणूस नागपूरला हौसेने थोडाच जातो? कोणी आजाऱ्याला घेऊन जातो. कोणी कोर्टाच्या तारखेला जातो. कोणी पोराला कॉलेजात घालायला जातो. हातात पैसा मोजका असतो. अशा वेळी वाट चुकली, की दिवस फुकट जातो.

आमचेच ऐका. काही वर्षांपूर्वी आमच्या वहिनींची छाती दुखू लागली. तालुक्याच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. आम्ही वहिनींना घेऊन नागपूरच्या एस.टी. स्टँडवर उतरलो. ऑटोवाल्याला म्हटले, "सरकारी दवाखान्यात चल बाबा." त्याने नेले. आम्ही रांगेत उभे राहिलो. दोन तासांनी खिडकीशी पोचलो. आतल्या बाई म्हणाल्या, "काका, ही चिठ्ठी मेडिकलची हाय. हे मेयो हाय." आम्ही मेडिकलला गेलो, तोवर रोगी तपासण्याची वेळ संपली होती. वहिनींना ती रात्र व्हरांड्यात काढावी लागली. चिठ्ठी आमच्याच खिशात होती. सारा जन्म मुलांना वाचायला शिकवले, आणि चिठ्ठी मात्र नीट वाचली नाही! दोष कोणाचा? आमचाच.

म्हणून सांगतो, शहराला भिऊ नका. पण ते ओळखून घ्या.

शहर म्हणजे तरी काय? एकमेकींना लागलेल्या पुष्कळ वस्त्या. नागपूर वसवले ते देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शहाने. १७०२ च्या सुमारास त्याने बारा लहान गावे जोडून हे नगर केले असे सांगतात. पुढे भोसले राजांनी तेथे राजधानी केली. त्यांच्या वाड्यांची वस्ती ती महाल. इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शनिवारी ही नावे ऐकली का? ही आठवडी बाजाराची नावे. आपल्याकडे जसा वाराचा बाजार भरतो, तसाच तेथेही भरत असे. बाजार वाढले, त्यांच्या वस्त्या झाल्या.

आता दिशा धरा. रानात शिरताना आपण काय करतो? एक टेकडी आणि एक नाला ध्यानात ठेवतो. नागपुरातही तसेच करा. टेकडी म्हणजे सीताबर्डीची. तिच्यावर किल्ला आहे. लोक नुसते 'बर्डी' म्हणतात. आणि नाला म्हणजे रेल्वेचा रूळ. तो उत्तर-दक्षिण जातो आणि शहराचे दोन भाग करतो.

रुळाच्या पूर्वेला जुने शहर. गणेशपेठेचे एस.टी. स्टँड याच बाजूला आहे. त्याच्या पुढे महाल. इतवारीत धान्य, कापड व सोन्याचांदीचा ठोक व्यापार चालतो. रुळाच्या पश्चिमेला बर्डीचा बाजार. बर्डीच्या वर, उत्तरेच्या अंगाला, सिव्हिल लाइन्स. हायकोर्ट, कलेक्टर कचेरी, विधान भवन तेथे आहे. बर्डीच्या दक्षिणेच्या अंगाला दीक्षाभूमी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी तेथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दोनच दिवसांनी, १६ तारखेला, ते आपल्या चंद्रपूरला आले व येथेही हजारोंना दीक्षा दिली.

मेट्रो गाडीच्या दोन वाटा आहेत. एक उत्तर-दक्षिण, दुसरी पूर्व-पश्चिम. दोन्ही बर्डीला मिळतात. गोंधळ झाला तर बर्डीला या आणि तेथून पुन्हा वाट धरा.

दवाखान्यांचे मात्र पाठच करा. मोठ्या सरकारी दवाखान्यांपैकी ही दोन नावे ध्यानात ठेवा. एस.टी. स्टँडवरून उत्तरेला मेयो. त्याला आता इंदिरा गांधींचे नाव आहे. दक्षिणेला मेडिकल. 'सुपर' म्हणून आणखी एक आहे. तो मेडिकलचाच भाग, पण इमारत वेगळी. नुसते 'सरकारी दवाखाना' म्हणू नका. चिठ्ठीवरचे नाव वाचा आणि तेच नाव सांगा.

निघण्यापूर्वी एवढे करा. कोठे जायचे, कोठे उतरायचे, घरचा फोन नंबर काय, हे कागदावर लिहा. बरोबरच्या प्रत्येकाजवळ असा एक कागद द्या. म्हातारे माणूस असेल तर त्याच्या खिशात किंवा पदराच्या गाठीला बांधा. चुकामूक झाली तर कोठे भेटायचे, ते आधी ठरवा. ऑटोत बसण्याआधी भाडे ठरवा.

आणि पाट्या वाचा. दुकानाच्या पाटीवर वर दुकानाचे नाव असते. खाली बारीक अक्षरांत वस्तीचे नाव असते. ते वाचले, की आपण कोठे उभे आहोत ते कळते. समजले नाही तर दुकानदाराला विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

काल-परवापर्यंत या पाट्या आपल्याला मुक्या होत्या. आज त्या आपल्याशी बोलतात. आमच्या वहिनी बऱ्या झाल्या. पण आता गावातून कोणी नागपूरला निघाले, की त्या आधी विचारतात, "चिठ्ठी वाचली का?"