भाताचे तूस डोळ्यात गेल्यास काय कराल?

पनवेल परिसरात दिवाळीच्या सुमारास भाताची कापणी-झोडणी चालते. भाताचे पाते किंवा तूस डोळ्याला लागणे नेहमीचेच, म्हणून आपण डोळा चोळून कामाला लागतो. पण काडीकचऱ्यावर बुरशी असते. त्यात फ्युजारियमही आले. हरभऱ्याचा मर रोग याच कुळातला. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला ओरखडा पडला की ती आत शिरते. काही दिवसांनी डोळा लाल होतो, ठणकतो, उजेड सहन होत नाही आणि बुबुळावर पांढरट ठिपका दिसतो.

तूस गेल्यास न चोळता स्वच्छ पाण्याने डोळा धुवा. रुतले असेल तर उपटू नका. मध, दूध घालू नका. दुकानातून स्टेरॉइडचे थेंब तर मुळीच आणू नका. लाली उतरते, पण आत बुरशी फोफावते.

कामोठ्याच्या एमजीएम रुग्णालयात किंवा जवळच्या नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि भाताचे तूस लागल्याचे आवर्जून सांगा. जखमेतला खरवड सूक्ष्मदर्शकाखाली पाहून बुरशी ओळखतात. नॅटामायसिन ५ टक्के थेंब सुरुवातीला तासातासाने, पुढे कित्येक आठवडे घालावे लागतात. मध्येच सोडल्यास डोळ्यात फूल पडते, कधी नेत्ररोपणाची पाळी येते. झोडणीला साधा चष्मा लावला तरी बराच बचाव होतो.