दमडी मशीद, ‘चांदबीबी महाल’ आणि आपली जबाबदारी

नगरच्या किल्ल्यापासून थोड्याच अंतरावर दमडी मशीद आहे. आकाराने लहान, पण दगडावरचं कोरीव काम पाहत राहावं असं. निजामशाहीतले सरदार साहिर खान यांनी ती १५६७च्या सुमारास बांधली. किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी मजुरीतून एकेक दमडी दिली, म्हणून हे नाव पडलं, असं आपले बुजुर्ग सांगत आले आहेत.

१४९०मध्ये मलिक अहमद निजामशहा यांनी हे शहर वसवलं. त्यांची कबर असलेला बागरौझा, शाह ताहिर यांच्यासाठी उभारलेला बारा इमाम कोटला, फराहबाग हे सगळं त्या निजामशाहीचंच. डोंगरावरच्या ज्या तीन मजली इमारतीला आपण ‘चांदबीबी महाल’ म्हणतो, तो खरं तर महालच नाही. ती वजीर सलाबत खान यांची कबर आहे. सहलीला जातो, फोटो काढतो. पण तिथे दफन कोण आहे, हे मुलांना सांगतो का?

या वास्तू भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादीत आहेत. म्हणजे नेमकं काय? संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आहे. त्यापुढच्या २०० मीटरमध्ये बांधायचं, तर आधी परवानगी लागते. १०० मीटरच्या आतल्या जुन्या घराची दुरुस्ती करायची असेल, तरी परवानगी घ्यावी लागते. त्यामुळे अशा भागात घर किंवा प्लॉट घेताना हे अंतर आधी तपासा. नाहीतर आयुष्यभराची कमाई अडकून बसेल. वास्तूची नासधूस केली, भिंतीवर नाव कोरलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

पण कायदा असला तरी प्रत्येक भिंतीपाशी चोवीस तास पहारा नसतो. कचरा आपल्यातलाच कुणी टाकतो, नावंही आपलीच मुलं कोरतात. नाव शहराचं असो वा इमारतीचं, काळाबरोबर बदलतं. दगड मात्र एकदा फुटला की पुन्हा तसा घडत नाही.

येत्या सुट्टीत मुलांना दमडी मशीद दाखवायला न्या. ज्यांनी दमडी दिली म्हणतात, त्यांची नावं कुठेच कोरलेली नाहीत, हेही त्यांना सांगा. आपल्याकडून तर दमडीही कुणी मागत नाही. फक्त थोडी काळजी हवी आहे.