‘आपल्याच सरकारनं पायलं त बिघडलं काय?’

वाशिमच्या पाटणी चौकाजवळ फार्मर आयडीची रांग. पिशवीत आधार नि सातबारा, अन् मोबाइलवर आलेला ओटीपी चारचौघांत मोठ्यानं सांगणं चाललेलं. त्याच रांगेत हमखास ऐकू येतं, “टिकटॉक बंद केलं ते बरं झालं, चीन सारं नेत होता. आपल्याच सरकारनं पायलं त बिघडलं काय? आपन का चोर हाओ?”

अहो, बीजिंगला तुमचा नंबर कळला म्हणून तिथला शिपाई रिसोडला येत नाही. अनुदान अडवणं, यादीतून नाव कापणं, दारात पोलीस धाडणं, हे ज्याच्या हातात आहे तो इथंच बसतो.

आणि चोराचंच म्हणाल, तर आपल्या विदर्भातले नाना पटोले घ्या. २०१६-१७ मध्ये ‘अमजद खान’ या नावाखाली आपला फोन ऐकला गेला, असा आरोप त्यांनी २०२१ मध्ये केला. ज्या काळाचा आरोप, तेव्हा ते सत्ताधारी भाजपचेच खासदार! या प्रकरणी पुण्यात दाखल झालेला गुन्हा मुंबई उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये रद्द केला, त्यामुळे कुणाला दोषी म्हणायला मी बसलेलो नाही. पण खासदाराला ओरड करायला चार वर्षं लागली, ती का? आपल्याकडे फोन ऐकायची परवानगी न्यायाधीश देत नाही, गृहसचिव देतो. आढावा समितीतही सचिवच. ज्याचा फोन ऐकला, त्याला नंतरही कळवायचं बंधन नाही. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याच्या जागी २०२३ चा दूरसंचार कायदा आला, तरी सांगाडा तोच.

देशी-परदेशी ही भिंतही कुडाचीच. फोनमध्ये शिरून हेरगिरी करणारं पेगॅसस हे सॉफ्टवेअर इस्रायली कंपनीचं, पण आपण ते फक्त सरकारांनाच विकतो, असं ती कंपनीच सांगते. २०१९ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपनं त्याबद्दल ज्यांना सावध केलं, त्यांत नागपूरचे वकील निहालसिंग राठोड होते. आपलं सरकार न्यायालयात ‘पेगॅसस घेतलं’ म्हणालं नाही, अन् ‘घेतलं नाही’ असंही नाही.

बाकीचे समज झटपट. ‘अ‍ॅप गेलं, धोका गेला’: जून २०२० मध्ये ५९ चिनी अ‍ॅप बंद झाली, आधी गेलेली माहिती परत आली नाही. ‘परदेशी सरकारांना आपल्यात रस नाही’: अमेरिकेची हेरगिरी उघड करणारे २०१३ चे स्नोडेनचे कागद बघा. ‘व्हॉट्सअ‍ॅप कुलूपबंद आहे’: मजकूर आहे, पण कोण कुणाशी कधी बोललं ते नाही. ‘आता डेटा कायदा आलाय’: आलाय, २०२३ चा. त्यातल्या कलम १७ नुसार केंद्र आपल्या यंत्रणांना त्यातून वगळू शकतं.

आधारचा अंगठा मात्र तुम्हाला स्वतः लॉक करता येतो, फुकट. रेशनच्या दिवशी तेवढ्यापुरता उघडायचा.